‘उड्डाणयोग्य’ म्हणजे नेमके काय?

पोरबंदरच्या विमानतळावर ५ जानेवारी २०२५ रोजी तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर नेहमीच्या सराव उड्डाणात कोसळले आणि त्यातील तिघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कर, हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल यांच्याकडील मिळून सुमारे ३३० ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरांची उड्डाणे थांबवण्यात आली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती दिसली नाहीत. फेब्रुवारीत बंगळुरूच्या ‘एअरो इंडिया’ प्रदर्शनात ‘सारंग’ पथकाच्या कसरतीही झाल्या नाहीत. मे महिन्याच्या प्रारंभी, म्हणजे पहलगामच्या हल्ल्याला जेमतेम दहा दिवस झालेले असताना, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने (एचएएल) जाहीर केले की, दोष-अन्वेषण समितीच्या शिफारशीनुसार लष्कर व हवाई दलाची ‘ध्रुव’ टप्प्याटप्प्याने पुन्हा उडतील. नौदल आणि तटरक्षक दलाला ती मुभा तेव्हा मिळाली नाही.

एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या, एकाच घराण्यातील हेलिकॉप्टरांविषयी हे दोन निवाडे कसे? सर्वसामान्य वाचकाला यात विसंगती दिसणे स्वाभाविक आहे. तथापि हा भेद तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे. आक्षेप घ्यायचा तो निवाड्यावर नव्हे, तर तो ज्या रीतीने देशासमोर ठेवला गेला, किंबहुना ठेवला गेला नाही, त्यावर. हे समजून घ्यायचे तर लष्करी हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला झालेली इजा कशी जोखली जाते, हे आधी पाहावे लागते.

विमान आणि हेलिकॉप्टर यांत एक मूलभूत फरक आहे. प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर मोठा ताण येतो तो मुख्यतः उड्डाण, हवेचे झोत आणि उतरणे या वेळी. हेलिकॉप्टरचे तसे नाही. मध्यम आकाराच्या हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला सुमारे तीनशे फेरे घेतो. म्हणजे तासाला अठरा हजार फेरे. पंख्याला चार पाती असतील, तर प्रत्येक फेऱ्यात सांगाड्याला चार हिसके बसतात. तासाला बहात्तर हजार. हजार तास उडालेल्या हेलिकॉप्टरने असे सात कोटींहून अधिक हिसके सोसलेले असतात. हे हिसके कमी व्हावेत म्हणून ‘ध्रुव’मध्ये गिअरबॉक्स आणि धड यांच्या दरम्यान कंप शोषणारी खास यंत्रणा बसवलेली आहे. तरीही कंप उरतोच. एकेक हिसका किरकोळ असतो. पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती जशी अखेर तुटते, तसाच धातूही थकतो. रिव्हेटच्या भोकाच्या काठावर, जोडाच्या कोपऱ्यात, एखाद्या सूक्ष्म ओरखड्याच्या तळाशी केसाएवढा तडा जन्म घेतो. पुढे तो किती वेगाने वाढेल, हे त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते.

गोळीने पाडलेले भोक त्या मानाने सरळ प्रकरण आहे. २४ मार्च २००३ च्या रात्री इराकमधील करबलाजवळ अमेरिकी लष्कराची तीसहून अधिक ‘अपाचे’ हेलिकॉप्टरे हल्ल्यासाठी गेली. एक खाली आले, त्याचे दोन्ही वैमानिक युद्धकैदी झाले. उरलेली परतली खरी, पण जवळपास प्रत्येक हेलिकॉप्टरला गोळ्या लागल्या होत्या. ती परतू शकली याचे श्रेय व्हिएतनाम युद्धातील धड्यांवरून आखलेल्या बांधणीला द्यावे लागते. एक दांडा तुटला तरी भार वाहून नेण्यासाठी दुसरा मार्ग शिल्लक राहावा, हे तिचे सूत्र. अशा वेळी तंत्रज्ञापुढचा प्रश्न स्पष्ट असतो: भोक कुठे आहे, ते कोणत्या भारवाहक भागात आहे, ठिगळ लावून चालेल की भाग बदलावा लागेल? इजा डोळ्यांसमोर असते. शांततेच्या काळातील तपासणीत नेमकी हीच सोय नसते.

आदळून उतरलेल्या हेलिकॉप्टरचे उदाहरण घेऊ. ३ एप्रिल २०२४ रोजी हवाई दलाच्या एका ‘अपाचे’ने लडाखमध्ये सराव उड्डाणादरम्यान खबरदारी म्हणून जमिनीचा आधार घेतला. उंचसखल भूभाग आणि विरळ हवा यांमुळे उतरताना त्याला इजा झाली. दोन्ही वैमानिक सुखरूप राहिले. वृत्तपत्रांत या घटनेला जागा मिळाली ती वैमानिकांच्या सुटकेपुरती. तंत्रज्ञांचे काम तेथून सुरू होते. प्रथम उतरण्याचा आधार पाहायचा: चाकांचे शोषक किती दबले, स्किड असतील तर त्यांच्या आडव्या नळ्या किती वाकल्या. त्यावरून धक्क्याचा जोर कळतो. मग तो धक्का ज्या वाटेने वर गेला, ती वाट तपासायची. आधार जेथे धडाला जोडलेला आहे ते सांधे, त्यामागच्या चौकटी, शेपटीचा दांडा जेथे धडाला मिळतो तो जोड, आणि सर्वांत शेवटी गिअरबॉक्सचे पाय. धड खाली थांबते, पण डोक्यावरचा जड गिअरबॉक्स आणि पंखा यांची खाली येण्याची ओढ लगेच थांबत नाही. पात्यांची टोके लवतात. कधी ती शेपटीच्या दांड्यालाच छाटतात.

अनुभवी तंत्रज्ञ अशा वेळी पत्र्यावरील सुरकुत्या शोधतो. रंगाचा पापुद्रा एका सरळ रेषेत फुटला असेल, तर खाली काहीतरी ताणले गेले आहे असे समजतो. रिव्हेटभोवती काळसर भुकटीचा ओघळ दिसला, तर तो रिव्हेट सैल होऊन घासतो आहे, याची खूण पटते. त्यानंतर सांगाड्यावरील ठरावीक बिंदूंमधील अंतरे मोजून धड पिळवटले आहे का, हे पाहिले जाते. मोजमाप मर्यादेत बसले, तरी काम संपत नाही. संशयित भागावर रंगद्रव्य पसरून ते तड्यात मुरते का पाहणे, विद्युत्प्रवाहाच्या भोवऱ्यांनी पृष्ठभागालगतचे तडे हुडकणे, अल्ट्रासाउंडने आतला भाग धुंडाळणे, क्ष-किरणांची छायाचित्रे घेणे असे एकेक उपाय केले जातात. यांतील प्रत्येक उपायाची नजर वेगळी आणि आंधळेपणही वेगळे. पृष्ठभाग पाहणाऱ्याला खोलातले दिसत नाही. खोलात पाहणाऱ्याला तड्याची दिशा सोयीची नसेल, तर तोच निसटतो.

आधुनिक हेलिकॉप्टरांनी यात आणखी एक अडचण आणली आहे. ‘ध्रुव’च्या बाह्य भागात कॉम्पोझिट म्हणजे तंतू आणि राळ यांचे थर एकावर एक बसवून तयार केलेल्या पदार्थाचा वापर मोठ्या प्रमाणावर आहे. हा पदार्थ गंजत नाही, वजनाला हलका आणि ताकदीला चांगला. परंतु धातूला मार बसला की पोचा पडतो आणि मार बसल्याची साक्ष राहते. कॉम्पोझिटवर हातातून निसटलेला पाना पडला, तर वर किंचितसा डाग आणि आत मात्र थर सुटलेले, असे होऊ शकते. त्यासाठी अल्ट्रासाउंडची यंत्रे आहेतच; पण हँगरमध्ये आजही वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे नाण्याने किंवा छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकणे. मडके विकत घेताना गृहिणी टिचकी मारून पाहते, त्याच जातीची ही परीक्षा. खणखणीत आवाज आला तर थर सलग. बद्द आला तर कुठेतरी पोकळी आहे. कोट्यवधी रुपयांच्या यंत्राचा निवाडा एका प्रशिक्षित कानावर काही अंशी अवलंबून असावा, हे ऐकायला विचित्र वाटते. त्यात हसण्यासारखे काही नाही. तो कान तयार व्हायला वर्षे लागतात.

इजा झालेला सांगाडा नुसता हलवणेही सोपे नसते. केदारनाथ येथे २४ मे २०२४ रोजी एका खासगी कंपनीचे हेलिकॉप्टर यात्रेकरूंसह आपत्कालीन स्थितीत उतरले, त्यात त्याची शेपटी दुखावली. दुरुस्तीसाठी ते ३१ ऑगस्टला हवाई दलाच्या ‘एमआय-१७’खाली लटकवून गौचरकडे नेले जात असताना वाऱ्याने आणि वजनाने तोल बिघडू लागला आणि वैमानिकाला ते दरीत सोडून द्यावे लागले. दुरुस्तीला निघालेले यंत्र भंगार झाले.

या सर्व पद्धती सांगतात ते आजच्या स्थितीविषयी: आत्ता तडा आहे की नाही. हेलिकॉप्टरच्या बाबतीत तेवढे पुरत नाही. कारण ज्या भागांवर तासाला हजारो वेळा भार येतो, तेथे एकदा दिसण्याइतका तडा पडला की पुढच्या तपासणीपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ उरेलच असे नाही. म्हणून पंखा, त्याची नियंत्रणे आणि गिअरबॉक्स यांतील अनेक भागांसाठी वेगळा नियम लावला जातो. प्रयोगशाळेत नमुन्याचे भाग तुटेपर्यंत थकवायचे, हेलिकॉप्टर प्रत्यक्षात किती वेळ तरंगेल, किती वळणे घेईल, किती वेळा उतरेल याचे एक गृहीत चित्र मांडायचे आणि त्यावरून, भरपूर सुरक्षित अंतर ठेवून, भागाचे आयुष्य तासांत ठरवायचे. तितके तास भरले की भाग निर्दोष दिसला तरी काढून टाकायचा.

या हिशेबाचा पाया म्हणजे ते गृहीत चित्र. प्रत्यक्ष वापर त्याहून वेगळा निघाला, तर कागदावर शिल्लक असलेले आयुष्य प्रत्यक्षात केव्हाच संपलेले असू शकते. ‘ध्रुव’च्या दोन निवाड्यांची उकल येथे होते. लष्कर व हवाई दलाची ‘ध्रुव’ स्किडवर उतरतात. नौदल व तटरक्षक दलाची चाकांवर. म्हणजे उतरतानाचा धक्का सांगाड्यात शिरण्याची वाटच निराळी. सागरी हेलिकॉप्टर लाटांवर बराच वेळ तरंगते, बुडणाऱ्याला दोरीने वर घेते, डोलणाऱ्या डेकवर उतरते. खाऱ्या पाण्याचे तुषार प्रत्येक फटीत शिरतात. मिठाने पडलेला गंजाचा बारीकसा खड्डा हा थकव्याच्या तड्याला आयता पायाच असतो. गंज आणि थकवा एकत्र आले, की त्यांचा परिणाम दोहोंच्या बेरजेपेक्षा अधिक होतो, ही या शास्त्रातील जुनी गोष्ट आहे. सियाचीनच्या पायथ्याशी उडणारे ‘ध्रुव’ आणि पोरबंदरच्या किनाऱ्यावर उडणारे ‘ध्रुव’ यांच्या तासांची संख्या सारखी असेल. त्यांचे वय सारखे नसते.

पोरबंदरच्या अपघातात प्राथमिक तपासात स्वॉशप्लेट तुटल्याचे आढळले. वैमानिकाच्या हातातील दांड्यांची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी ही तबकड्यांची जोडी. खालची स्थिर, वरची पंख्याबरोबर फिरणारी. ती तुटली की वैमानिक दांडा कितीही हलवो, पाती त्याचे ऐकत नाहीत. ‘ध्रुव’मध्ये गिअरबॉक्स, पंख्याचा मध्य आणि त्याची नियंत्रणे एकात्म बांधणीत गुंफलेली आहेत. तिने वजन आणि जागा वाचते; पण तिच्या पोटातले बाहेरून पाहणाऱ्याला सहज दिसत नाही.

हा काही ‘ध्रुव’चा पहिला थांबा नव्हता. नोव्हेंबर २००५ मधील अपघातानंतर शेपटीच्या पंख्याच्या पात्यांतील दोषामुळे सगळा ताफा थांबवावा लागला होता. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईच्या समुद्रात नौदलाचे ‘ध्रुव’ पाण्यावर उतरवावे लागले, तिघेही वाचले. त्याच महिन्यात कोचीत तटरक्षक दलाचे आणि मे महिन्यात किश्तवाडमध्ये लष्कराचे ‘ध्रुव’ अपघातग्रस्त झाले. या मालिकेनंतर नियंत्रण दांड्यांचा फेरविचार झाला आणि अॅल्युमिनियमच्या जागी पोलादाचे दांडे बसवण्यात आले. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळच एका तेलवाहू जहाजावरील रुग्णाला आणायला निघालेले तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ समुद्रात पडले. चौघांपैकी तिघे गेले. चार महिन्यांनी पुन्हा पोरबंदर. दांडे बदलले गेले, ते योग्यच. पण साखळीतील एक कडी बदलल्यावर भार शेजारच्या कोणत्या कडीवर सरकतो, हा प्रश्न प्रत्येक दुरुस्तीनंतर नव्याने विचारावा लागतो. तो विचारला गेला असेलच. त्याचे उत्तर मात्र संरक्षण खात्याच्या भिंतींबाहेर आलेले नाही.

तपासणी काटेकोर असूनही निसटू शकते, याचे अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण नॉर्वेचे आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी उत्तर समुद्रातील तेलविहिरीवरून बर्गनकडे निघालेल्या ‘ईसी-२२५’ हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा हवेतच सुटून निघाला. तेराही जण ठार झाले. या जातीची लष्करी आवृत्ती अनेक देशांच्या सैन्यांत आहे. नॉर्वेच्या अपघात तपास मंडळाने जुलै २०१८ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. गिअरबॉक्समधील एका दातेरी चाकात तडा पडला होता. तो पृष्ठभागावरील सूक्ष्म खळीतून निघून पोलादाच्या पोटात वाढला आणि धोक्याची सूचना देण्यासाठी बसवलेल्या यंत्रणांना त्याचा सुगावा लागला नाही. तोच गिअरबॉक्स २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ट्रकच्या अपघातात सापडला होता. तो उत्पादकाकडे गेला, तपासला गेला, दुरुस्त झाला, योग्य ठरवून परत आला. त्या ट्रकच्या अपघाताचा आणि तड्याचा संबंध तपास मंडळाला सिद्ध करता आला नाही आणि मंडळाने तसे स्पष्ट लिहिले. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ याच कुळातील हेलिकॉप्टर अशाच प्रकारे पडून सोळा जण गेले होते, याचीही आठवण अहवालाने दिली. जगातील कोणत्याही हँगरमधील अभियंत्याला तो अहवाल वाचता येतो. त्याचा हाच उपयोग.

सागरी हेलिकॉप्टरांबाबत कॅनडाचा अनुभव भारतीय नौदलाच्या अधिक जवळचा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील एका ‘सायक्लोन’ हेलिकॉप्टरच्या शेपटीत तपासणीच्या वेळी तडा दिसला. मग ताफा तपासला, तेव्हा २३ पैकी १९ हेलिकॉप्टरांना तडे निघाले. ही जुनी हेलिकॉप्टरे नव्हती. पहिली तुकडी २०१५ मध्ये दाखल झालेली. एका यंत्रात तडा सापडणे हा अपवाद असू शकतो. एकोणीस यंत्रांत सापडणे म्हणजे वापराचे गृहीत चित्र आणि वास्तव यांत तफावत आहे, याची कबुलीच. कॅनडाच्या संरक्षण खात्याने हा आकडा डिसेंबर २०२१ मध्येच सांगून टाकला. खात्याची त्यामुळे काही काळ टिंगल झाली. हेलिकॉप्टरे दुरुस्त होऊन जहाजांवर परतली.

भारतात अडचण येते ती या टप्प्यावर. ‘ध्रुव’चा आराखडा एचएएलचा, उत्पादन तिचे, मोठी दुरुस्ती तिची. उड्डाणयोग्यतेचा दाखला देणारे ‘सेमिलॅक’ हे केंद्र संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) अखत्यारीत. दर्जाची खात्री करणारे महासंचालनालय संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. आणि ग्राहक असलेली सैन्यदलेही त्याच मंत्रालयाची. यांतील अभियंत्यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत (एनएएल) धातूच्या तुटलेल्या पृष्ठभागाचे वाचन करणारे तज्ज्ञ आहेत. परंतु एकाच छताखाली आराखडा, उत्पादन, दाखला आणि दोषाचा शोध असला की बाहेरच्या नजरेला वाव राहत नाही. नागरी क्षेत्रात २०१२ पासून स्वतंत्र अपघात तपास विभाग आहे. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या भीषण विमान अपघाताचा प्राथमिक अहवाल त्याने महिन्याभरात प्रसिद्ध केला. त्यातील त्रुटींवर वाद झाले, ते होऊ शकले कारण अहवाल समोर होता. लष्करी अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष फायलींत राहतात. जनरल बिपिन रावत यांच्यासह ज्या ‘एमआय-१७’ला ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ अपघात झाला, त्याच्या कारणाची नोंद ‘मानवी चूक’ अशी झाल्याचे जनतेला कळले ते तीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालातील एका तक्त्यावरून. २०१७ ते २०२२ या काळातील हवाई दलाच्या ३४ अपघातांच्या त्या तक्त्यात प्रत्येक अपघाताच्या वाट्याला एकेक ओळ आली होती.

यावर गोपनीयतेचे उत्तर हमखास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. शस्त्रे, संदेशयंत्रणा, मोहिमा यांची माहिती उघड होऊ नये, हे मान्य. पण तुटलेल्या पोलादाच्या कणरचनेत शत्रूच्या उपयोगाचे काय असते? जपानच्या याकुशिमा बेटाजवळ २९ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकी हवाई दलाचे ‘ऑस्प्रे’ पडून आठ जण ठार झाले. जगातील अमेरिकेची सारी ‘ऑस्प्रे’ सुमारे तीन महिने थांबली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिअरबॉक्समधील कोणते दातेरी चाक फुटले आणि धोक्याच्या सूचना मिळूनही उड्डाण चालू ठेवण्याचा निर्णय कसा झाला, हे त्यात सांगितले आहे. मृत सहकाऱ्यांच्या निर्णयाविषयी असे लिहिणे त्या दलाला जड गेलेच असणार.

शिवाय गोपनीयतेची किंमत बाजारातही मोजावी लागते. इक्वेडोरने घेतलेल्या सात ‘ध्रुव’पैकी चार अपघातांत गेली आणि २०१५ मध्ये त्या देशाने करारच रद्द केला. काही अपघातांना वैमानिकांची चूक कारणीभूत होती, असे भारतीय बाजूचे म्हणणे होते. ते खरेही असू शकते. परंतु उत्पादकाने स्वतःच्या यंत्राविषयी दिलेली ग्वाही आणि तटस्थ तपासाचा निष्कर्ष यांचे वजन खरेदीदाराच्या तराजूत सारखे भरत नाही.

मे २०२५ चा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. सीमेवर संघर्षाची चिन्हे असताना लष्कराला हेलिकॉप्टरे हवी होती. उंच ठाण्यांवर औषधे, रसद आणि जखमी जवान यांची ने-आण करणारे दुसरे साधन पुरेसे नव्हते. पन्नासच्या आणि साठच्या दशकांतील फ्रेंच आराखड्यांवर बनलेली ‘चेतक’ आणि ‘चीता’ हीच काय ती सोबत. अशा वेळी काही धोका पत्करून ताफा उडवणे हा सेनापतींचा अधिकार आहे. युद्धकाळात प्रत्येक सैन्य असे करते. मात्र ‘तपासणीअंती धोका नाही’ आणि ‘धोका मोजला आहे, तो इतका आहे, गरज म्हणून पत्करत आहोत’ ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यांतील कोणते विधान मेमध्ये केले गेले, हे निदान ‘ध्रुव’ उडवणाऱ्या वैमानिकाला कळायला हवे. उड्डाणापूर्वी तो ‘फॉर्म ७००’ नावाच्या नोंदपुस्तिकेवर सही करून यंत्र ताब्यात घेतो. त्या सहीने पुढची जबाबदारी त्याची होते.

या पुस्तिकेत उड्डाणाचे तास, बदललेले भाग, दुरुस्त झालेल्या तक्रारी यांची काटेकोर नोंद असते. त्या तासांत सांगाड्याने प्रत्यक्ष किती भार सोसला, याची नोंद तेथे नसते. ती यंत्रानेच ठेवावी लागते. १९८६ मध्ये शेटलंड बेटांजवळ तेल कामगारांना नेणारे ‘चिनूक’ पडून ४५ जण दगावले. त्यानंतर उत्तर समुद्रातील हेलिकॉप्टरांत कंप आणि वापर यांची अखंड नोंद घेणाऱ्या यंत्रणा बसू लागल्या. त्या सर्वज्ञ नाहीत, हे नॉर्वेने दाखवले. तरीही ज्या यंत्राच्या भारांचा इतिहास हाताशी आहे, त्याच्या इजेचा अंदाज ज्याचे केवळ तास माहीत आहेत त्यापेक्षा अधिक विश्वासाने करता येतो. ‘ध्रुव’च्या नव्या आवृत्त्यांत अशी यंत्रणा दिली जाते. ‘चीता’ आणि ‘चेतक’ यांच्या पिढीला ती ठाऊक नव्हती. नाशिकच्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडलेल्या वैमानिकांच्या पिढ्यांनी याच हेलिकॉप्टरांवर हात बसवला आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ‘चीता’ आणि ‘चेतक’ यांची जागा घेण्यासाठी सुमारे २०० हलक्या हेलिकॉप्टरांविषयी उत्पादकांकडून माहिती मागवली. अशा खरेदीच्या चर्चेत इंजिनाची शक्ती, उंचीची मर्यादा, किंमत आणि देशी सुट्या भागांचे प्रमाण यांवर भर असतो. भारांची नोंद कोणी ठेवायची, तिची मालकी उत्पादकाची की सैन्याची, एखादे हेलिकॉप्टर आदळून उतरले तर त्याच्या सांगाड्याविषयी अंतिम शब्द कोणाचा आणि ताफा थांबवावा लागला तर त्याचे कारण किती दिवसांत लेखी जाहीर करायचे, ही कलमेही त्याच करारात लिहिता येतील. करार होण्याआधी ती घालणे सोपे असते. पहिल्या अपघातानंतर तीच कलमे मागणे म्हणजे उत्पादकावर अविश्वास दाखवणे ठरते आणि मग चर्चा तांत्रिक राहत नाही.